लॉर्डसाहेबांच्या घरचा माणूस

आमच्या गच्चीची गळती काढायला माणूस आला की मला नलावडे सर आठवतात. परवा असाच एक जण आला, गच्चीवर चालून चालून सगळीकडे बूट आपटून पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, हे असंच चालायचं." माझ्या तोंडून निघून गेलं, "लॉर्डसाहेबांच्या घरीसुद्धा असंच होतं हो." तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला काय सांगणार, कपाळ? लॉर्डसाहेब कोण आणि ते माझ्या तोंडात कुठून आले, हे सांगायचं तर आधी नलावडे सरांना उभं करायला हवं.

वसंतराव नलावडे संगमनेरला आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. मी मराठी शिकवायची. मुलं आमच्या तासाला झोपायची आणि त्यांच्या तासाला घाबरायची, एवढाच काय तो दोन विषयांतला फरक. प्राध्यापकांनीच सोसायटी करून बांधलेल्या स्टाफ कॉलनीत आमची घरं भिंतीला भिंत लावून. सर म्हणजे उंच, किडकिडीत, बारा महिने हाफ शर्ट आणि हातात लाकडी मुठीची छत्री. ऊन नाही, पाऊस नाही, छत्री कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "लॉर्डसाहेब घरातही छत्री घेऊन बसतात."

हे लॉर्डसाहेब म्हणजे आयर्लंडचे एक खानदानी जमीनदार आणि लेखक. त्यांचं खरं नाव लांबलचक आहे, आणि सांगून उपयोग नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. इंग्रजीच्या प्राध्यापकांनीही ऐकलेलं नव्हतं. सरांना तरुणपणी पुण्यात रद्दीच्या दुकानात त्यांचं एक पुस्तक सापडलं, पुठ्ठा गेलेलं. ते त्यांनी उभ्या उभ्या वाचायला घेतलं आणि तिथून पुढं सगळा जन्म त्या माणसामागं घातला. मिळेल तिथून पुस्तकं मागवली, चरित्र जुळवलं, नाटकं मराठीत आणली. पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनी सांगितलं, "नलावडे, हा कोण लॉर्ड? एखादा मोठा लेखक घ्या, दोन वर्षांत सुटाल." सर म्हणाले, "मला सुटायचं नाही." आणि उठून आले. पीएच.डी. राहिली ती राहिलीच. आमच्या कॉलेजात पगारवाढ त्यामुळं अडली, पण सरांनी त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलेलं मी पाहिलं नाही.

लॉर्डसाहेब जाऊन जमाना झालेला, पण सर त्यांच्याबद्दल बोलायचे ते काल संध्याकाळी भेटून आल्यासारखं. "लॉर्डसाहेबांना हे आवडायचं नाही हं." "लॉर्डसाहेब सकाळी कुणाशी बोलत नाहीत." एकदा प्राचार्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांना अर्धा तास उभं ठेवून झापलं. सर शांतपणे म्हणाले, "लॉर्डसाहेबांकडे कुत्र्यालासुद्धा बसायला खुर्ची असते." मी पदर तोंडाला लावून हसले. प्राचार्यांना वाटलं हे कुणी संस्थेचे विश्वस्त आहेत. त्यांनी लगेच खुर्च्या मागवल्या.

सरांकडून ऐकून ऐकून मला त्या माणसाचं घर पाठ झालं होतं. मोठी थोरली गढी, पण छत जिथं तिथं गळणारं. साहेब लिहायला बसायचे ते डोक्यावर हॅट घालून, कारण थेंब नेमका कागदावर पडायचा. छत दुरुस्त करायला म्हणून आजोबांचं तैलचित्र विकलं आणि त्या पैशांत दोन शिकारी कुत्री घेऊन आले. बायको रागावली तेव्हा म्हणाले, आजोबा तरी कुठं भुंकत होते. हे सांगताना सर इतके खुलायचे की त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, दर वेळी चहा गरम करावा लागायचा. "हे आणि यांचा लॉर्ड," वहिनी म्हणायच्या, "माझ्या सासरी एकूण माणसं मोजायची तर याला धरूनच मोजा." वहिनी गेल्या, मुलगी बंगळुरूला गेली, आणि मग त्या घरात खरोखरच सर आणि लॉर्डसाहेब दोघंच उरले.

एकदा मी सरळ विचारलं. माझी जीभ जरा तिखटच आहे. म्हटलं, "सर, तुम्ही काष्टीच्या शेतकऱ्याचे पोर. तुमचा बाप इनामदाराच्या जमिनीत कूळ म्हणून राबला, असं तुम्हीच सांगता. आणि तुम्ही जमीनदाराची आरती करता?"

सरांनी छत्रीची मूठ दोन्ही हातांत धरली. "बाई, हेच दादा विचारतो."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, मारुतराव. आई-वडील लवकर गेले, तेव्हा दादांनी शाळा सोडून नांगर धरला आणि धाकट्याला शिकवलं. कूळकायद्यात जमीन नावावर झाली होती, पण दादांच्या मनातून इनामदार गेला नव्हता. लहानपणी बापाला त्या वाड्याच्या पायरीखाली उभं राहिलेलं त्यांनी पाहिलं होतं. आणि ज्या भावासाठी शाळा सोडली, तो भाऊ शिकून सवरून एका जमीनदाराची पोथी वाचत बसला, हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. सर काष्टीला जायचे, दादा मायेनं करायचे, हुरडा, भाकरी, सगळं. पण लॉर्डाचं नाव निघालं की उठून गोठ्यात जायचे.

"मी त्याच्या जमिनीवर नाही भुललो, बाई," सर म्हणाले. "त्याच्या कानांवर भुललो. तो आपल्या कुळांचं बोलणं ऐकायचा. कुंपणापलीकडं उभा राहून, बाजारात, मयतीत. आणि जसं ऐकलं तसं लिहायचा. मोठ्या घरातल्या कुणी ते बोलणं कानावर घेतलं नव्हतं हो."

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे दादांना त्यांनी कधी सांगितलेलं नव्हतं. लॉर्डसाहेबांच्या नाटकातली कुळं मराठीत बोलायला लागली तेव्हा ती कशी बोलणार, हा सरांपुढं प्रश्न होता. पुण्याची मराठी त्यांच्या तोंडी शोभेना. मग सर दर सुट्टीला काष्टीला जाऊन दादांजवळ बसायचे आणि ऐकायचे. बैलाशी दादा कसे बोलतात, बांधावरून शेजाऱ्याशी कसे भांडतात, पाहुण्याला जेवायला कसे बसवतात. ते सगळं आयर्लंडच्या कुळांच्या तोंडी गेलं. शब्दाला शब्द दादांचा होता.

"त्याला कळलं तर?" मी विचारलं.

"त्याला वाटेल मी त्याची नक्कल केली," सर म्हणाले. "शिकलेल्या भावानं अडाणी भावाची टिंगल केली." मी पुढं काही बोलले नाही, आणि मी गप्प बसते हे विशेष आहे.

सर निवृत्त झाले, त्या समारंभाला दादा आले होते. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, हातात काठी. समोसे खाल्ले, भाषणं ऐकली, आणि मग कॉलनीतल्या अंगणात, माझ्यासमोर, भावाला म्हणाले, "वसंता, आता हितं कोन हाय तुझं? घरी चल. खोली रंगवून घेतलीया. फकस्त एक सांगतो, लॉर्डाला संगं आनू नगंस. माझ्या घरात जमीनदार ऱ्हानार न्हाई."

दादा गेल्यावर सर कपाटांसमोर जाऊन उभे राहिले. दोन लोखंडी कपाटं, लॉर्डसाहेबांनी भरलेली. मला म्हणाले, "भावाला सोडून राहता येत नाही आणि याला सोडून जाता येत नाही. काय करू सांगा." मी म्हटलं, "कपाटं माझ्याकडे ठेवा." ते हसले, पण ठेवली नाहीत. दोन वर्षं ते त्या घरात तसेच राहिले. एकट्यापुरती खिचडी, संध्याकाळी प्रवरेच्या काठापर्यंत चालणं, आणि दर पंधरवड्याला काष्टीचा फोन, "कधी येतूयास?" दिवसेंदिवस माणूस वाळत चालला होता, आणि मला भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू यायचा.

मग आले बाळासाहेब. हे काष्टीचे दूध डेअरीवाले, कधीकाळी आमच्याच कॉलेजात शिकलेले, गावच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष. काष्टीला यात्रेत गावचीच माणसं नाटक बसवतात. बाळासाहेब पेढ्यांचा पुडा घेऊन सरांच्या ओट्यावर बसले.

"सर, एखादं नाटक द्या. फक्त बाईचं पात्र नको. बाहेरून नटी आणायची तर परवडत नाही, आणि गावातल्या कुणी बायका उभ्या राहत नाहीत. मागच्या साली आमच्या ग्रामसेवकानं साडी नेसली, लोक अजून हसतात."

लॉर्डसाहेबांचं सगळ्यात चांगलं नाटक, ज्याला सरांनी मराठीत 'आधी चहा घ्या' असं नाव दिलं होतं, त्यात बाईचं पात्रच नव्हतं. म्हातारा लॉर्ड आणि त्याची तीन कुळं, थोरला, मधला, धाकटा. बस्स. एवढ्या एका अडचणीपायी लॉर्डसाहेबांना काष्टीचं निमंत्रण मिळालं.

नाटक त्यांच्याच आयुष्यावरचं. त्या देशात जमीनदारांची घरं जाळायचे दिवस आले होते. लॉर्डसाहेबांच्या घरीही माणसं आली, तोंडं बांधून. साहेबांनी बुटांवरून ओळखलं की ही आपलीच कुळं. नाटकात ती आत येतात, आणि म्हातारा त्यांना पाहुणे समजल्यासारखं करून बसवतो. आधी चहा घ्या म्हणतो. मग आणखी काही खा म्हणतो. बोलता बोलता जुन्या गोष्टी निघतात, कुणाची गाय, कुणाचं लग्न, कुणाच्या बापाला दिलेली शिवी. सगळं निघतं, गोड आणि कडू दोन्ही. घर तर जाळायचंच असतं, बंडवाल्यांचा वरून हुकूम असतो. शेवटी चौघं मिळून सामान बाहेर काढतात, आणि पेटवायच्या वेळी कुळांच्या काड्या पावसानं ओल्या झालेल्या असतात. म्हातारा खिशातून काडेपेटी काढून देतो.

"देऊ का त्यांना?" सरांनी मला विचारलं. "दादा पहिल्या रांगेत बसेल."

"द्या," मी म्हटलं. "नाहीतर तुम्ही दोघं भाऊ असेच मराल, एक तिकडं आणि एक इकडं." बोलून गेले आणि मलाच वाईट वाटलं. पण सरांनी आत जाऊन नाटकाची प्रत आणली. बाळासाहेबांना फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं, "लेखक म्हणून लॉर्डसाहेबांचं नाव मोठं टाका. माझं बारीक टाका, नाही टाकलं तरी चालेल."

यात्रेच्या दिवशी सरांबरोबर मीही गेले. माझ्या भाच्याच्या गाडीतून, पारनेरवरून. पारनेरला चहा प्यायलो तेव्हा सरांनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. काष्टीच्या स्टँडवर गाडी वळली आणि भाच्यानं कचकन ब्रेक मारला.

समोर दुमजली उंचीचा फ्लेक्स. मधोमध लॉर्डसाहेब, हॅट, मिशा, गळ्यात कॉम्प्युटरवर काढलेला झेंडूचा हार. खाली मोठ्या अक्षरांत, 'आयर्लंडचे सुप्रसिद्ध लॉर्डसाहेब यांचे काष्टीनगरीत सहर्ष स्वागत. प्रमुख उपस्थिती.' आणि त्याखाली कमिटीच्या सगळ्यांचे हात जोडलेले फोटो.

सरांचा चेहरा पांढरा पडला. "बाई, हा बाळासाहेब त्यांना बोलावून बसलाय."

मला आधी हसूच आलं, खोटं कशाला बोलू. पण मग लक्षात आलं. बाळासाहेबांनी कॉलेजची तीन वर्षं सरांकडून हेच ऐकलं होतं, लॉर्डसाहेब असं म्हणतात, लॉर्डसाहेबांना हे चालत नाही. त्यांना वाटलं सरांचे मोठे स्नेही असतील, हयात असतील. आणि नाटकाचा लेखक गावात येणार नाही असं कसं होईल? काष्टीच्या पाहुणचारात ते बसत नाही.

दादांनी फ्लेक्स सकाळीच पाहिला होता. घरी गेलो तर ओट्यावर बसलेले. मला "या ताई" म्हणाले, पाणी दिलं. भावाकडं बघून म्हणाले, "आनलास म्हनायचं शेवटी गावात."

"दादा, नाटक त्याचं आहे," सर म्हणाले. "फक्त बघ. मग म्हणशील तसं करीन. कपाटं रद्दीत घालीन, पण एकदा बघ."

मी सरांना इतक्या वर्षांत असं बोलताना ऐकलं नव्हतं. दादांनी काठीनं अंगणातला खडा बाजूला सारला. "बघतो की. मी काय पळून चाललोय?"

स्पीकर वेळेत बंद करायचा म्हणून नाटक दिवेलागणीला ठेवलं होतं. शाळेचं मैदान गच्च भरलेलं. स्टेजच्या कडेला एक सोफ्याची खुर्ची, तिच्यावर पांढरा टॉवेल, समोर पाण्याची बाटली. शेजारी श्रीगोंद्याहून बोलावलेला फेटेवाला, मांडीवर भगव्या फेट्याचं कापड घेऊन ताटकळत बसलेला. बाळासाहेब माईकवर, "लॉर्डसाहेबांची गाडी शिरूरपर्यंत आलेली आहे. कुणीही जागा सोडू नये."

सरांनी त्यांना बाजूला ओढलं. मी जवळच होते.

"अरे बाळासाहेब, ते वारलेत."

"कधी?" बाळासाहेबांनी छातीवर हात ठेवला.

"माझा जन्म व्हायच्या आधी."

बाळासाहेब खुर्चीकडं, मग फेट्याकडं, मग गर्दीकडं बघत राहिले. "सर, तुम्ही कधी बोलला न्हाईत तसं. आता नारळ, शाल, सगळं आनलंय. लोकांना काय सांगू?" ते बिचारे रडायच्या बेताला आले होते. शेवटी म्हणाले, "आधी नाटक होऊ द्या. मग बघू." आणि माईकवर जाहीर केलं की गाडीला उशीर होतोय, नाटक सुरू करतोय.

लॉर्डसाहेबांचं काम केलं होतं शाळेच्या हेडमास्तरांनी. हॅट मिळाली नाही म्हणून शेतातली वाळ्याची टोपी घातली होती, ती काठावर उसवलेली. पहिल्याच प्रवेशात वरून पाणी ठिबकायचं होतं, तर पडद्यामागच्या माणसानं तांब्याच ओतला. हशा झाला. मी मनात म्हटलं, बुडालं.

पण मग कुळं आली. धोतर, उपरणी तोंडाला बांधलेली. थोरलं कूळ म्हणजे डेअरीवरचा वजन करणारा माणूस, आवाज खणखणीत. लॉर्डानं चहा विचारला तर म्हणाला, "आमी च्या प्यायला न्हाई आलो सायेब. पर टाकलाच असंल तर राग न्हाई." गर्दी खदखदून हसली, पण ते हसणं वेगळं होतं. घरच्या माणसाला हसतात तसं.

सर माझ्या शेजारी बसले होते, छत्री मांडीवर आडवी. ते स्टेजकडं बघतच नव्हते. रांगेच्या दुसऱ्या टोकाला दादा होते, त्यांच्याकडं बघत होते.

जुनी भांडणं निघायला लागली. लॉर्ड म्हणतो, ही जमीन माझी आहे, कागद आहेत माझ्याकडे. थोरलं कूळ तोंडावरचं उपरणं ओढून काढतं आणि सावकाश बोलतं, "वावर कुनाचं ते कागद सांगतो, सायेब. पर वावराच्या वळखीचं कोन हाय, ते वावरालाच इचारा."

अख्ख्या पहिल्या रांगेनं माना वळवून दादांकडं बघितलं. हे वाक्य गावातलं पोरगंसुद्धा ओळखत होतं. बांधाचं भांडण असो, तलाठ्याशी हुज्जत असो, दादा हेच म्हणायचे. मागून कुणीतरी बोललं, "आरं, ह्ये तर मारुतरावांचं."

सरांनी डोळे मिटून घेतले. दादा आता उठतील, काठी टेकत निघून जातील, आणि सगळं संपेल असं मला वाटलं.

दादा उठले नाहीत. काठीवर हनुवटी टेकवून पुढं वाकले. त्यांचे ओठ हलत होते. थोड्या वेळानं मला कळलं की पुढचं वाक्य नटाच्या आधी ते म्हणत आहेत, स्वतःशीच. काही वेळा जुळत होतं, काही वेळा नाही. जुळलं की मान हलवायचे.

शेवटी सामान निघालं. खुर्च्या, घड्याळ, कुत्र्याची गादी. लॉर्ड ओरडतोय, "सांभाळून, दाराला लागेल," आणि कुळं सांभाळून नेताहेत, त्याच दारातून जे मग जाळायचं आहे. मैदानात आता कुणी हसत नव्हतं. काड्या ओल्या निघाल्या. हेडमास्तरांनी खिशातून काडेपेटी काढली, थोरल्या कुळाच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "माझ्या कोरड्या आहेत. छत्रीखाली ठेवल्या होत्या." पडदा पडला.

टाळ्या लगेच आल्या नाहीत. मग आल्या त्या थांबेनात.

बाळासाहेब माईकपाशी गेले, घाम पुसत. "मंडळी, एक दुःखद बातमी आहे. लॉर्डसाहेब… लॉर्डसाहेब आता हयात नाहीत." गर्दीत चुकचुक झाली. दोनचार जणांनी टोप्या काढल्या. एका म्हातारीनं विचारलं, "रस्त्यात झालं का काय?" बाळासाहेबांनी त्याचं उत्तर टाळलं.

आमच्या भागात रीत अशी आहे की सत्कारमूर्ती गेलेला असेल तरी मान परत जात नाही, त्याच्या घरचं माणूस तो घेतं. मुलगा, पुतण्या, कुणीही. फेटा आणलेला असेल तर कुणाच्या तरी डोक्यावर तो बांधलाच पाहिजे. मागून आवाज आला, "त्यांच्या घरचं कोन आलंय का?"

बाळासाहेब गर्दीत इकडंतिकडं बघायला लागले.

दादा उठले. काठी टेकत स्टेजच्या पायऱ्या चढले. माईक नको म्हणाले, त्यांना त्याची गरज नव्हती.

"घरचं मानूस हाय की," दादा म्हणाले. "ह्यो बसलाय माझा भाऊ. उभा जन्म त्या लॉर्डाच्या घरात ऱ्हायला. आमच्याकडं यायचा तो बी तिकडनं आल्यागत. मी लई राग धरला त्याचा. मला वाटायचं, आमाला सोडून ह्यो जमीनदाराच्या वाड्यात जाऊन बसला." ते थांबले. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तर ह्यानं मलाच तिथं नेऊन बसीवलं. जमीनदाराच्या म्होरं, खुर्चीत. आन् माझं बोलनं त्येला ऐकाया लावलं. माझ्या बापाला पायरीखाली उभं ऱ्हावं लागत हुतं." फेटेवाल्याला त्यांनी हातानं खूण केली. "बांध ह्याला."

मी रडले. का रडू नये? सरांना बाळासाहेबांनी दंडाला धरून वर नेलं. त्या पांढरा टॉवेल टाकलेल्या खुर्चीत बसवलं, फेटा बांधला, शाल घातली. फेटा जरा मोठा झाला होता आणि डोळ्यांवर येत होता. सरांनी तो नीट केला नाही. छत्री मात्र सोडली नव्हती.

जेवणं दादांच्या ओसरीवर झाली. आमच्याकडची झणझणीत शिपी आमटी, भाकरी, कांदा. दादांना नाटकाबद्दल बरंच बोलायचं होतं.

"धाकल्या कुळाचं काम बरं न्हाई जमलं. पर लॉर्ड बरा मानूस हुता. काड्या सुदिक सवताच्या दिल्या. आपल्या इनामदारानं दिल्या नसत्या."

"आपण मागायला गेलो नव्हतो, दादा," सर म्हणाले.

दादा जोरात हसले. मग भाकरी मोडता मोडता, भावाकडं न बघता, म्हणाले, "उंद्या टेम्पो लावून देतो. लॉर्डाची कपाटं किती हायत?"

"दोन."

"मग मोठाच टेम्पो लावतो. मोडाया नकोत."

सरांनी घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत बसले. इतक्या दिवसांनी ते पोटभर जेवले, हे मी स्वतः पाहिलं.

टेम्पो आला, कपाटं गेली. आमच्या भिंतीपलीकडं आता बँकेतले एक गृहस्थ राहतात, अगदी शांत, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सरांचे फोन येतात. प्रत्यक्ष भेट मात्र त्यानंतर एकदाच झाली, दौंडला लग्नाला जाताना मी वाटेत काष्टीला उतरले तेव्हा. अवकाळी पाऊस होऊन गेला होता. रस्त्यालगतच्या सगळ्या शेतांत माणसं भिजलेले कांदे उन्हात पसरत होती.

नलावड्यांच्या वस्तीवर शिरले आणि थबकले. गोठ्याशेजारी कांदा साठवायची चाळ होती, तिच्या छपरावर लॉर्डसाहेब आडवे पसरले होते. हॅट, मिशा, झेंडूचा हार, सहर्ष स्वागत. यात्रा संपल्यावर दादांनी तो फ्लेक्स मागून आणला होता आणि चाळीवर ताणून चारी कोपऱ्यांना सुतळीनं बांधला होता. आत दोघं भाऊ पाटावर बसून कांदा निवडत होते. सरांचा हाफ शर्ट मातीनं भरलेला, सर अंगानं भरलेले, खोकला नाही. दादा काहीतरी सांगत होते आणि सर हातातला कांदा तसाच धरून ऐकत होते.

"ऐका बाई," मला बघून सर म्हणाले, "ज्या माणसाचं छत जन्मभर गळलं, त्याच्याखाली आम्ही कांदा ठेवलाय. मी नको म्हणत होतो."

"ह्याला काय कळतंय," दादा म्हणाले. त्यांनी ढिगातला एक कांदा उचलून माझ्या हातात दिला, कोरडा ठणठणीत, आणि वर फ्लेक्सकडं बघून म्हणाले, "समद्या गावाचा भिजला. आमच्या लॉर्डानं एक थेंब आत येऊ दिला न्हाई."